ओकची ओळ

ओकची पानं काठाकडून जळायला लागली, तेव्हा दिलावरने आधी उन्हाला शिव्या दिल्या, मग वाऱ्याला, आणि दोन्ही पुरेनात तेव्हा मेव्हण्याला.

"तुझ्या भावाची नजर लागली," तो हजराला म्हणाला. "रोज येऊन बगत उभा ऱ्हातो मेला."

हजरा पीठ मळत होती. ती मळतच राहिली. भावाची बाजू घ्यावी तर नवऱ्याचा हात जड, आणि नवऱ्याची घ्यावी तर शफीक तिच्या पाठचा, तिनेच कडेवर घेऊन वाढवलेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिघं एका खोलीत राहत होती आणि मधे गोणपाटाचा पडदा होता, तेवढाच काय तो आडोसा.

साल बासष्ट. बाग बू जासिम या अरबाची, आखातातल्या उम्म सलाल मोहम्मद गावी. खजूर, कांदा, जनावरांचा घास, एक विहीर आणि तिच्यावर धडधडणारा डिझेलचा पंप. त्या वर्षी बू जासिमने नवी मजलिस बांधली, पाहुण्यांच्या बैठकीची लांबलचक खोली, आणि तिच्यासमोर त्याला सावली हवी झाली. खजुराची सावली त्याला मान्य नव्हती. तरुणपणी मोती विकायला तो मुंबईला जायचा, तिथल्या रस्त्यांवरची मोठाली झाडं त्याच्या डोक्यात बसली होती. त्याच्या ओळखीच्या एका लेबनानी इंजिनियरने आपल्या डोंगरातून डब्यांत लावलेली रोपं मागवून दिली. अर्धी अ‍ॅशची, अर्धी ओकची.

"अ‍ॅश पटकन वाढेल," इंजिनियरने सांगितलं होतं. "पण पाणी फार पितो. वाऱ्यात वाकतो, त्याला काठी लागते, खालचे फुटवे खुडावे लागतात. ओक रुसल्यासारखा बसून राहील, आधी मूळ खाली घालेल. त्याला सारखं पाजू नका, छेडू नका. एकदा धरला की नातवंडं त्याच्याखाली बसतील."

बू जासिमने मजलिसच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन ओळी आखल्या. दिलावर वयाने मोठा म्हणून त्याला आधी विचारलं. त्याने ओक घेतला. टिकणारं झाड, टिकणारी नोकरी, असा त्याचा हिशेब. अ‍ॅश शफीकच्या वाट्याला आला.

"गर्मी खतम होने दो," बू जासिम मुंबईत शिकलेल्या हिंदीत म्हणाला. "जिसका पेड जियेगा, वो रहेगा. दूसरा बंबई का जहाज. इन्शाल्ला." आणि हसला. त्याला ती मौज वाटली. इथे मात्र दोघांच्या मानेला फास लागला.

दिलावरला परत जायला घर नव्हतं. राजापूरच्या खाडीकाठी चुलत्याची ओटी होती, तिच्यावर पथारी टाकायची आणि जेवताना चुलतीचे डोळे आपल्या भाकरीवर झेलायचे. हजरानेही ती ओटी सोसली होती. इथे उन्हात कातडी सोलून निघाली तरी चूल तिची स्वतःची होती. ती चूल तिला सोडायची नव्हती.

खड्डे थंडीत घेतले. वीतभर वाळू, आणि खाली दगड. पहार मारली की ठिणगी उडायची आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. दिलावरच्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. कामाला तो वाघ होता, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. शफीकचे खड्डे उथळ, त्यात बकरीची लेंडी टाकून तो मोकळा झाला. दिलावरने मात्र कंबरभर खोल खड्डे घेतले आणि एका दुपारी, शफीक पंपाशी असताना, हजराला बोलावलं.

"ते तारलीचं पिंप खाली कर," तो हळूच म्हणाला.

हजराने पिंपभर तारली खारवून ठेवली होती. खालचे थर नासले होते, वर खारं पाणी साचलं होतं.

"कशाला?"

"खड्ड्यात. वरनं मिठाची गोणी पन आन. बापजन्मी माड लावलाय नव्हं आमी?"

माडाच्या खड्ड्यात मीठ आणि कुजकी मासळी घालतात, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिलावरच्या बापाने लावलेले माड सगळ्या वाडीत आधी धरायचे, ते याच खताने.

"पन ह्यो माड हाय काय?" हजराने विचारलं.

"झाड ते झाड. पोट सगळ्यांना असतं. आनि शफीकच्या कानावर गेलं नाय पायजे. शपथ घे."

तिने शपथ घेतली. पाट्या डोक्यावरून वाहिल्या, खारं पाणी मानेवरून पाठीत उतरलं, अंगाला दोन दिवस वास येत राहिला. शेवटच्या खड्ड्यापाशी पिंपही संपलं आणि गोणीही. दिलावरने तिथे शेणखत ढकललं आणि डब्यातलं रोप हजराच्या हातात दिलं.

"ह्यो तुझा. तूच लाव."

तिने मूळ सरळ सोडलं, माती दाबली. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. त्या क्षणी तिला नवरा फार आवडला. त्याने तिच्या गालावरची माती बोटाने पुसली, आणि ती लाजली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती तरी.

मग उन्हाळा आला आणि त्याच्याबरोबर उत्तरेचा वारा. तो वारा आला की आभाळ पिवळं व्हायचं, दातांत वाळू करकरायची, भाकरीत वाळू, डोळ्यांत वाळू. अ‍ॅश मात्र वाढला. शफीक त्याला खजुराच्या झावळीचे दांडे लावायचा, चिंध्यांनी बांधायचा, बुंध्याला चुना फासायचा. त्याची जोडीजोडीची पानं छातीपर्यंत आली. ओकने चिमूटभर पानं काढली, आणि ती काठाकडून तपकिरी होऊ लागली. दिलावर घाबरून जास्त पाणी घालू लागला. जितकं पाणी घालावं तितकी आळ्यातली माती वाळताना पांढरी व्हायची, दह्याच्या सायीसारखी.

हजराने ती साय बघितली. ओळीच्या शेवटी तिने लावलेलं रोप बोटभर नव्या पालवीसह उभं होतं, तेही बघितलं. त्याच्या आळ्यात साय नव्हती. तिला समजायचं ते समजलं, आणि तिने तोंडावर ओढणी ओढून घेतली.

एकदा तिने भीतभीत सांगून पाहिलं. "अवो, ती मासळी..."

"गप!" दिलावर ओरडला. "माझ्या बापाची अक्कल काढतंस?"

पाण्याच्या पाळ्या होत्या. सकाळी पाट अ‍ॅशकडे, दुपारनंतर ओककडे. एका दुपारी वाऱ्याने अ‍ॅशची पानं चुरगळून गेली आणि शफीकचा धीर सुटला. दिलावर डिझेल आणायला गेला होता. शफीकने फावड्याने बांध फोडला आणि ओकचं पाणी आपल्या ओळीत वळवलं.

दिलावर परतला तो पाटाच्या कडेनेच. कोरडा पाट बघितला, फुटलेला बांध बघितला. डिझेलचा डबा त्याच्या हातातून खाली पडला.

"दुलाभाई, जरासंच घेतलं..." शफीक म्हणाला. पुढचे शब्द त्याच्या तोंडात राहिले. दिलावरची मूठ त्याच्या तोंडावर बसली होती.

तो अ‍ॅशच्या भरल्या पाटात उताणा पडला. दिलावर त्याच्या छातीवर बसला, गळा धरून त्याने त्याचं डोकं चिखलात दाबलं. शफीकचे पाय पाणी उडवत होते. हजरा खोलीतून धावत आली आणि नवऱ्याचा सदरा ओढू लागली.

"सोडा! मरंल तो! अवो, मरंल!"

दिलावरचा कोपर मागे आला तो तिच्या ओठावर. तिच्या तोंडात रक्ताची चव आली, तरी तिने सदरा सोडला नाही. शेवटी सदरा फाटला आणि त्या झटक्यात दिलावर बाजूला कलंडला. शफीक चिखल ओकत उठला.

"घेतलं पानी," तो धापा टाकत म्हणाला. "खोटं नाय बोलनार. एक डाव घेतलं. पन तुझी झाडं आदीच मेलीत, दुलाभाई. माझ्या पान्यानं नाय मेली."

"तूच मारलीस!"

"खुदाकसम नाय."

त्या दिवसापासून दिलावर त्याला पाण्यात पाहू लागला. जेवायला तो पडद्याच्या अलीकडे, शफीक पलीकडे. हजरा दोन्हीकडे वाढायची. तिच्या फुटलेल्या ओठाबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, आणि याचा तिला फार राग आला. मला माणूस समजतात की पंपाचा पट्टा, असं तिला वाटलं. पण रागाने काय होतंय? शपथ होती, आणि शपथेहून मोठी ती चूल होती.

शेवटचा एक सोडून ओक एकामागून एक गेले. पानं गळली, मग फांद्या काडीसारख्या मोडू लागल्या. बू जासिम हिशेब बघायला येणार, असा निरोप आला. निरोप ऐकून दिलावर सरळ ओळीत गेला, आळ्यांपाशी वाकून हुंगू लागला. पंपाजवळ सांडलेल्या डिझेलचा वास सगळ्या बागेलाच यायचा. त्याला तो आपल्या झाडांच्या मुळाशी आला.

"डिझेल वतलंन," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्याने. "डिझेल वतलंन भडव्यानं!"

त्याने कोयता उचलला. वाट ओलांडून अ‍ॅशच्या ओळीत शिरला आणि पहिलं झाड एका घावात आडवं केलं. ओलं लाकूड, आवाजसुद्धा झाला नाही. दुसरं. तिसऱ्यापाशी शफीक पोचला. त्याच्या हातात काहीच नव्हतं. त्याने झाडाला मिठी मारली.

"मना मार, पन झाड नको!"

दिलावरने कोयता फेकला. हजराला क्षणभर वाटलं, उतरला राग. पण त्याने भिंतीला टेकवलेली पहार घेतली, ज्या पहारीने खड्डे घेतले तीच. शफीकने डोकं वाचवायला हात वर केला. पहार हातावर बसली. वाळका दांडा गुडघ्यावर मोडावा तसा आवाज आला, आणि शफीकचा हात कोपराखाली नको तिथे वाकला.

तो आधी हाताकडे बघत राहिला, मग गुडघ्यावर बसला आणि मग त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला. दिलावर पहार धरून उभा होता. पुन्हा मारावी की टाकावी, हे त्याला कळत नव्हतं.

हजराने त्याच्या हातातून पहार काढून घेतली. त्याने ती काढू दिली.

तिने झावळीचे दोन दांडे तोडले, शफीक झाडांना लावायचा तसलेच. झाडाच्या चिंध्या सोडल्या आणि भावाचा हात बांधला. तो दातांनी ओढणीचं टोक चावत होता, घामाने भिजला होता.

"आपा," तो म्हणाला, "मी डिझेल नाय टाकलं. तुना तरी पटतंय ना?"

तिला वाटलं, धरणी फाटावी. हे पोर आपल्याला विचारतंय, आणि आपल्याला सगळं ठाऊक आहे.

"पटतंय," ती म्हणाली, आणि उठून गेली.

बू जासिम दुसऱ्या सकाळी पिकअप घेऊन आला. हातात उंटाला हाकायची बारीक काठी. त्याने मेलेले ओक बघितले, तोडलेले अ‍ॅश बघितले, झोळीतला हात बघितला.

"ये क्या है? लडाई का मैदान?"

दिलावर पुढे झाला. रात्रभर त्याने शब्द जुळवले होते. "अरबाब, ये पानी का चोर. पूछो उसको. मेरे झाड में डिझेल डाला. मेरेको गुस्सा आया."

"पानी चोरी किया?" बू जासिमने शफीकला विचारलं.

शफीकने मान खाली घातली. "एक बार."

"डिझेल?"

"नही. वल्लाह, नही."

"जो पानी चोरी करता, वो कसम भी चोरी करता," बू जासिम म्हणाला. त्या मुलखात पाणी चोरणारा माणूस सगळ्यात खालचा. "खलास. सामान उठाओ. गाडी में बैठो. यल्ला."

शफीक उठला. एका हाताने त्याला वळकटी बांधता येईना. दिलावर त्याच्याकडे बघत नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, पण त्या चोराला आपण चोर आहोत हे खरंच ठाऊक नव्हतं. त्याला अजूनही आपल्या बापाच्या मिठावर भरवसा होता. हजरा दारामागे उभी होती. आता गप्प राहिलं की झालं. चूल राहते, खोली राहते, पडद्याचीही गरज उरत नाही. आणि भाऊ मोडक्या हाताने, चोर म्हणून, बोटीच्या तळाशी बसून जातो.

तिने कोपऱ्यातली पहार घेतली आणि ती बाहेर आली.

परक्या पुरुषासमोर ती आजवर कधी आली नव्हती. बू जासिमने रीतीप्रमाणे नजर वळवली. ती कुणाकडे न बघता ओकच्या ओळीत गेली आणि पहिल्याच आळ्यात पहार घातली.

"हजरा!" दिलावर ओरडला. "काय करतंस? आत जा!"

तिने दुसरा घाव घातला, तिसरा. कडक पापुद्रा फुटला. मेलं झाड कलंडलं. खालून काळी माती वर आली आणि तिच्याबरोबर असा भपकारा, की पिकअपचा ड्रायव्हर नाक धरून मागे सरला.

दिलावर धावला. त्याने तिची वेणी धरली आणि मागे ओढली. ती पडली, पण पहार सुटली नाही. त्याने तिच्या कमरेत लाथ घातली. ती कोपरांवर सरकत खड्ड्याशी आली आणि तिने दोन्ही हात आत घातले. माशांचे काटे, डोकी, मिठाचे खडे. ओंजळ भरून तिने ती त्याच्या पायांवर टाकली.

"ही बगा तुमची मासळी! मी डोईवर आनली. ह्या हातांनी घातली. शफीकला काय ठाव?" मग बू जासिमकडे न बघता, मोडक्या हिंदीत, "डिझेल नही. मीठ. हमने डाला. वो आखरी झाड में नही डाला, वो देखो, वो जिंदा."

दिलावरने तिच्या थोबाडीत मारली. पुन्हा हात उगारला, आणि तो वरच राहिला. बू जासिमची काठी त्याच्या मनगटावर बसली होती. दुसरी काठी पाठीवर बसली, तिसरी मानेवर. सटासट आवाज होत होता. एवढा आडदांड माणूस उंटासारखा मार खात उभा होता, आणि हजराला त्याने मारलं तेव्हा लागलं नव्हतं ते आता लागलं. ती रडायला लागली.

बू जासिम वाकला, बोटावर माती घेतली आणि जिभेला लावली. थुंकला.

"मिल्ह," तो म्हणाला. मीठ. "हमारा जमीन में नमक कम था?"

दिलावर शेवटच्या झाडाकडे बघत होता. हिरवं, गुडघ्याएवढं. त्याने खड्ड्यातल्या मिठाकडे बघितलं, पुन्हा त्या झाडाकडे. मग तो मटकन खाली बसला. काठीने जे झालं नव्हतं ते त्या पालवीने केलं.

"माझ्या बापाचे माड..." तो म्हणाला.

बू जासिमने शफीकला वळकटी खाली ठेवायला सांगितली आणि दिलावरला गाडी दाखवली. मग त्याच्या ध्यानात अडचण आली. त्याने झोळीतल्या हाताकडे काठी केली. "ये हाथ से पानी कौन डालेगा? पेड कौन देखेगा?"

हजरा खड्ड्यापासून उठली.

"अना," हजरा म्हणाली. मी. बागेत राहून तिला येत असलेल्या चार अरबी शब्दांपैकी तो एक.

बू जासिमने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. सुजलेला गाल, माशांच्या काट्यांनी रक्ताळलेले हात. त्याने मान डोलावली आणि तो मजलिसकडे चालू लागला.

दिलावरची पेटी ड्रायव्हरने मागे टाकली. दिलावर पिकअपच्या फळीवर बसला, मानेवर काठीचे वळ. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग लग्नानंतर कधी बोलला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाला, "हजरा. चल गो."

त्या आवाजासाठी ती कुठेही गेली असती. चुलत्याच्या ओटीवर, चुलतीच्या डोळ्यांखालीसुद्धा. कालपर्यंत गेली असती.

ती पंपाकडे गेली. तो सुरू होता, कुणी बंद करायचं विसरलंच होतं. तिने फावडं घेतलं, बांध फोडला आणि पाणी वळवलं. पाणी धूळ ढकलत अ‍ॅशच्या ओळीत शिरलं.

"हजरा," तो पुन्हा म्हणाला.

"पानी सोडलंय," तिने पाठमोरंच सांगितलं. "पाट भरल्याबिगर मना येता यायचं नाय."

ड्रायव्हरने वाट बघितली, हॉर्न वाजवला, आणखी थोडी वाट बघितली. मग गाडी निघाली. तिने मान वर केली नाही. अ‍ॅशची ओळ भरली, तसा तिने तो बांध घातला आणि वाटेपलीकडचा फोडला. मेलेल्या झाडांच्या आळ्यांची तोंडं एकेक करून बंद करत ती शेवटच्या ओकपर्यंत पाणी घेऊन गेली. शफीक हात पोटाशी धरून मागे येऊन उभा होता.

"आपा, त्याला लय नको घालू," तो म्हणाला. "विंजिनेरनं सांगितलंय."

"ठाव हाय," हजरा म्हणाली, आणि तिने पाणी तोडलं.